सरदारांचं सुतक

नीलमला भुताखेतांची पुस्तकं आवडतात, हे लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. बघायला आलेली मंडळी स्वयंपाक येतो का, कानडी येतं का, नोकरी सोडशील का, एवढंच विचारतात. पडक्या गढीच्या तळघरात शवपेटीचं झाकण आतून ढकललं जातं तेव्हा तुला कसं वाटतं, असं कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं की लई भारी वाटतं.

निपाणीला तिच्या माहेराला लागून तंबाखूची वखार होती. वखारीच्या माळ्यावर बसून, शिंका देत देत तिनं गावच्या वाचनालयातलं रहस्य-भयाचं कपाट कॉलेजात जायच्या आधीच संपवलं. मराठी संपल्यावर ती इंग्रजीकडे वळली. तिकडं तर नुसती चंगळ होती. धुक्यात उभे किल्ले, भिंतीवरच्या तसबिरींतनं डोळे फिरवणारे पूर्वज, आरशात न दिसणारे पाहुणे, बोलणारे कावळे, शापित राण्या. चिंचेला तिखटमीठ लावून चोखताना डोळ्यांतनं पाणी येतं आणि हात पुन्हा चिंचेकडंच जातो, तसं तिचं या पुस्तकांशी होतं. भुतांवर तिचा विश्वास नव्हता. विश्वास असता तर वाचलं नसतं. विश्वास असलेली माणसं बिचारी देवऋष्याकडं जातात, त्यांना मजा कुठली?

लग्न होऊन ती येळ्ळूरला आली. नवरा भरमू उद्यमबागेत एका कारखान्यात सुपरवायझर होता, ती स्वतः अनगोळच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. घरात सासू नागूबाई, जिला ती आत्या म्हणायची, आणि सासरे, ज्यांना ती मामा म्हणायची. मामा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यानंतर आत्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून ज्या पडल्या, त्या पडल्याच. उठवलं की उठत, वाढलं की जेवत, आणि पुन्हा भिंत. डॉक्टर झाला, देवऋषी झाला, गोळ्या झाल्या, अंगारा झाला. त्या भिंतीत काय होतं देव जाणे, पण घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा आत्यांना ती बरी वाटायची.

अशा एका मे महिन्याच्या सुट्टीत नीलम त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी बसून वाचत होती. तीन भागांची जाडजूड इंग्रजी कादंबरी, त्यातला पहिला भाग. एका पानावर तिच्या तोंडून "अगं आई गं!" असं निघालं.

"काय वाचायलीस गं?" भिंतीकडून आवाज आला.

नीलम दचकली. पुस्तकानं नव्हे, आत्यांच्या आवाजानं. कित्येक महिन्यांत आत्यांनी कुणाला आपणहून काही विचारलं नव्हतं. ती घाईघाईनं म्हणाली, "एक सरदार हाय आत्या, उल्ब्रिक नावाचा. मोठ्ठी गढी हाय त्याची डोंगरावर. दिवसा पेटीत झोपतो आणि रात्री उठून माणसांचं रक्त पितो."

भिंतीनं विचारलं, "का?"

या 'का'चं उत्तर देता देता नीलमनं पहिलं प्रकरण मराठीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. रोज दुपारची भांडी झाली की ती पुस्तक उघडायची, डोळ्यांनी इंग्रजी वाचायची आणि तोंडानं मराठी बोलायची. चौथ्या प्रकरणात, सरदाराची बहीण मोरेला विषाचा पेला घेऊन जिना उतरते तिथं, आत्या कूस बदलून तोंड इकडं करून झोपल्या. आठव्यात उठून बसल्या. पहिला भाग संपता संपता त्या ऐकताना शेंगा फोडायला लागल्या होत्या, आणि भरमूनं कामावरून येऊन आईला असं बसलेलं पाहिलं तेव्हा तो न्हाणीघरात जाऊन उगाच बराच वेळ तोंड धूत राहिला.

आत्या ऐकायच्या त्या गप्प बसून नव्हे. एवढ्या खोल्यांची गढी आणि झाडायला एकच म्हातारी, हे त्यांना अजिबात पटलं नाही. पेटीत झोपून सरदाराची पाठ धरत नाही का, याची त्यांना काळजी वाटे. क्लॅरिंडा नावाच्या नायिकेवर त्यांचा पहिल्यापासून राग होता. "सांगितलंय न्हवं त्या खोलीत जाऊ नगं म्हणून? जातीयाच भवानी. आनि मेणबत्ती तेवढी घ्यायची, चप्पल न्हाय घालायची." सरदारावर मात्र त्यांचा जीव जडला. तो रक्त प्यायचा, हे त्यांनी एखाद्याच्या दारूसारखं मानलं; वाईट खोड, पण माणूस वाईट नव्हे.

भानगड झाली ती दुसऱ्या भागाच्या शेवटी. मोरेलानं पहाटेच्या वेळी गढीतल्या देवळाचं दार उघडलं, सूर्याचं पहिलं ऊन आत आलं आणि सरदाराची जागच्या जागी राख झाली. नीलमनं पुस्तक मांडीवर पालथं ठेवून डोळे पुसले. तिनं हे आधी वाचलेलं होतं, तिसरा भागही तिचा वाचून झाला होता आणि सरदार त्यात पहिल्याच प्रकरणात उठून बसतो हेही तिला ठाऊक होतं. तरी ते पान आलं की तिला व्हायचं ते व्हायचंच.

आत्यांनी हातातलं शेंगांचं सूप खाली ठेवलं. उठल्या, मागच्या दारी जाऊन डोक्यावरून गार पाणी घेतलं, ओल्या केसांनी आत आल्या आणि देव्हाऱ्यावर कापड टाकलं. खाटेवरची वाकळ ओढून जमिनीवर अंथरली.

"आत्या, हे काय?"

"आज फोडणी घालू नगं," आत्या म्हणाल्या. "सुतक हाय."

नीलमला आधी हसू आलं, मग आलं नाही. काय बोलावं याचा विचार करेपर्यंत शेजारची रवळूची बायको दारात आली. रवळू म्हणजे भरमूचा चुलतभाऊ, भावकीतला. त्यांच्याकडं संध्याकाळी सत्यनारायण होता, त्याचं बोलावणं घेऊन ती आलेली. आत्या तिला शांतपणे म्हणाल्या, "आमचं जमत न्हाय गं बाई. सुतक पडलंय. तुमालाबी पडलंय."

रवळूची बायको आल्या पावली घरी गेली आणि तिनं चुलीवरचा प्रसादाचा शिरा उतरवला. दहा मिनिटांत रवळू हजर. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. येळ्ळुरात भावकीतलं कुणी गेलं तर सगळ्या भावकीला सुतक लागतं, हे झालंच. पण भावकीतलं माणूस गेलं आणि आपल्याला ते माहीत नाही, हे कबूल करणं म्हणजे आपण भावकीत नसल्यातच जमा, असं कबूल करणं. त्यामुळं 'कोण गेलं?' हा एक प्रश्न सोडून रवळूनं बाकी सगळे विचारले.

"कवा झालं काकू?"

"आत्ताच. पहाटचं ऊन आलं आनि गेले."

"आजारी हुते?"

"कशाचे आजारी! बहिणीनं घात केला."

"आरारारा. इस्टेटीवरनं?"

"मग आनि कशावरनं?"

"आमी म्हणतच हुतो," रवळू म्हणाला. कोण म्हणत होतं आणि कधी, हे त्यालाच ठाऊक. "म्हंजे आपले..."

"सरदार," आत्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

'सरदार' या शब्दानं रवळूच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघण्यासारखं होतं. दुःख होतंच, पण त्याच्या मागनं अभिमान असा काही वर आला की त्याला तो खाली दाबता येईना. आपल्या भावकीत सरदार! संध्याकाळच्या आत भावकीच्या व्हाट्सअॅप ग्रुपवर तेवत्या पणतीचं चित्र आलं: 'आपल्या घराण्याचे सरदार यांचे दुःखद निधन. सुतक पाळावे.' खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. कुणी कोण म्हणून विचारलं नाही.

रात्रीच्या जेवणाला बिनफोडणीची आमटी बघून भरमूनं विचारलं, तेव्हा नीलमनं त्याला सगळं सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला.

"म्हंजे पुस्तकातला माणूस मेला म्हणून आख्ख्या भावकीला सुतक?"

"हळू बोल की."

"आगं, आपल्या थोरल्या भावकू आप्पांनी नव्या घराची वास्तुशांती फुडं ढकलली! उद्या आप्पा दाढी वाढवून बसणार! आईला जाऊन सांग की खोटं हाय म्हणून."

"खोटं हाय हे त्यास्नी ठाऊकच हाय. पुस्तक हाय ते."

भरमूनं डोकं धरलं. मग त्याला एक युक्ती सुचली. "तिसऱ्या भागात काय हुतंय?"

"उठतोय तो. पहिल्याच प्रकरणात."

"मग झालं की! सांग जाऊन, माणूस जित्ता हाय, सुतक फिटलं!"

"तसं सांगायचं नसतं," नीलम म्हणाली.

"का?"

"पुढचं आधी सांगितलं की वाचायची सगळी मजा जाते."

भावकीत दाढ्या वाढत होत्या, वास्तुशांत्या अडत होत्या, आणि बायको म्हणत होती मजा जाते. भरमू उठून अंगणात गेला आणि येरझाऱ्या घालायला लागला. नीलमला खरी भीती वेगळीच होती आणि ती त्याच्यापाशी बोलून दाखवायला तिला जड जात होतं. हे प्रकरण उघडं पडलं, तर दोष पुस्तकांवर येणार. पुस्तकं घराबाहेर जाणार. दुपारी वाचायला काही राहणार नाही, आणि आत्या पुन्हा भिंतीकडं वळणार. तेवढं सोडून बाकी काहीही झालं तरी तिची तयारी होती, अगदी दहा दिवस अळणी आमटी खायचीसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून भावकी लोटली. बायका तांदूळ-डाळ पदरात घेऊन आल्या, पुरुष अंगणात चटईवर बसले. आत्या वाकळेवर बसून होत्या. प्रत्येक नव्या बाईच्या गळ्यात पडून त्या अशा काही रडत की ऐकणाऱ्याला हातातला चहा खाली ठेवावा लागे. नीलम चहा देत फिरे आणि लोक तिला प्रश्न विचारत. तिनं मनाशी ठरवलं होतं की खोटं एक अक्षर बोलायचं नाही. गंमत म्हणजे तशी वेळच आली नाही.

"वय झालं असंल?"

"लई झालं होतं."

"खानंपिनं कसं हुतं?"

"पिणंच होतं नुसतं."

"असंच असतंय सरदार मानसांचं," विचारणारा मान हलवून म्हणाला.

भावकू आप्पा भावकीत सगळ्यांत वडील. त्यांनी डोळे मिटून घराण्याचा धांडोळा घेतला आणि सांगितलं की पणजोबांचा थोरला भाऊ फौजेबरोबर ग्वाल्हेरकडं गेलता, तिकडंच राहिला. हे त्याच्याच वंशातले. हे ऐकून अंगणात एक सुस्कारा फिरला. त्यानंतर ज्याला त्याला काही ना काही आठवायला लागलं. कुणाच्या वडिलांनी त्यांना एकदा घोड्यावर बघितलं होतं. कुणाच्या आजीला त्यांनी चोळीचा खण पाठवला होता. रवळूनं तर ते धारवाडच्या स्टेशनवर आपल्याशी दोन शब्द बोलले होते असं सांगितलं आणि मग स्वतःच्याच बोलण्यानं त्याचे डोळे भरून आले. गढीला वारस कोण, याची कुजबूजही झाली. पण सुतकात असलं बोलू नये म्हणून ती हलक्या आवाजातच झाली.

तिसऱ्या दिवशी रवळू नीलमकडं आला. "वैनी, चौकात फ्लेक्स लावायचाय. सरदारांचा एक फोटो द्या की."

"त्यांचा फोटो निघत न्हाय," नीलम म्हणाली. रक्त पिणाऱ्यांचा आरशातसुद्धा चेहरा दिसत नाही, फोटो कुठला निघायचा?

"जुनी मानसं," रवळू कौतुकानं म्हणाला. "असली थेरं आवडायची न्हाईत त्यास्नी."

फ्लेक्स लागला. मधोमध फेटा, मिशा आणि तलवार असलेली एक काळी आकृती, चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली शोकाकुल भावकीतली सगळी पोरं गॉगल लावून. नीलम शाळेचं काम काढून तिकडून जाताना एकदा थांबली. आजवर तिनं वाचलेल्या कुठल्याही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर यापेक्षा अंगावर काटा आणणारं चित्र नव्हतं, आणि तिला त्याचा थोडा आनंदही झाला.

पण त्याच दिवशी दुपारी तिचा आनंद पार मावळला. भावकू आप्पा आत येऊन आत्यांच्या समोर बसले. ती चहाचा कप घेऊन दारात होती.

"वैनी," आप्पा म्हणाले, "सरदारांच्या निमित्तानं तरी तुमच्या उंबऱ्याला आलो. त्या टायमाला यायला जमलं न्हाय. दारावर पट्टी मारलीती. माझ्याच घरात दोघं पडलेले. आनि खरं सांगू काय, भीतीबी वाटलती."

नीलमच्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. मामांना दवाखान्याच्या गाडीतनं नेलं ते शेवटचं. फोन आला तेव्हा भरमू वरच्या खोलीत तापानं फणफणलेला, ती स्वतः परड्याकडच्या खोलीत कोंडलेली, आणि आत्या मधल्या खोलीत एकट्या. तिघं तीन दारांआड. मामांना परस्पर कुठं नेलं, कुणी अग्नी दिला, काही कळलं नाही. ना कुणी दारात आलं, ना कुणी गळ्यात पडलं. पंधरा दिवसांनी दारं उघडली तेव्हा सुतकाचे दिवस उलटूनही गेले होते. रडायला सुरुवात कुठनं करायची, हेच कुणाला कळलं नव्हतं.

तिला हेही कळलं की आत्या या दिवसांत कुणासाठी रडत होत्या. पण तिसऱ्या भागात सरदार उठणार होता. आज ना उद्या आत्या म्हणणार, वाच. मग तिला आपल्याच तोंडानं सांगावं लागणार की ज्याच्यासाठी रडलात तो आला परत. पुस्तकातला आला. पुस्तकातलेच येतात. हे ऐकून आत्या भिंतीकडं वळल्या, तर पुन्हा त्यांना कुठल्या पुस्तकानं इकडं वळवणार?

त्या दिवशी तिनं तिसरा भाग कपाटात साड्यांच्या खाली सरकवून ठेवला.

दहाव्याला भावकी ओढ्यावर जमली. बायकांनी तिथं जायची रीत नाही, पण आत्या निघाल्या आणि त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. नीलम त्यांना हाताला धरून घेऊन गेली. भटजींनी नाव विचारलं. भावकू आप्पा म्हणाले, "सरदार." वडिलांचं नाव विचारलं. आप्पा म्हणाले, "तेबी सरदारच." भटजींनी पुढं काही विचारलं नाही, उन्हं चढत होती.

पिंड ठेवला. सगळे मागं सरले. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. भरमू घामाघूम झाला होता. त्याला वाटत होतं, कावळ्यांना तरी कळलंय.

"काय तरी इच्छा राह्यलीया," आप्पा म्हणाले. मग हात जोडून मोठ्यानं, "सरदार, गढीची काळजी करू नगा! आमी बघतो!"

कावळा हलला नाही.

"बहिणीला माफ केलं म्हणा!" कुणीतरी सुचवलं.

"न्हाय, न्हाय! बहिणीला कोर्टात खेचतो म्हणा!"

दोन्ही म्हणून झालं. मग रवळू पुढं झाला. "सरदार, दरवर्षी तुमच्या नावानं कुस्त्यांचं मैदान भरवतो! चांदीची गदा ठेवतो!" यावर भावकीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मग ओशाळून थांबवल्या. कावळ्यांनी पंखसुद्धा झाडले नाहीत.

तेव्हा आत्यांनी नीलमच्या हातातनं आपला हात सोडवून घेतला. चार पावलं पुढं गेल्या. पिंडाकडं बघून, घरातल्या घरात बोलावं तशा हळू बोलल्या.

"आवं, ऐकलासा काय? समदी आल्यात. आप्पा आल्यात, रवळू आलाय. तवा यायला जमलं न्हाय त्यास्नी. त्या दिशी म्या तुमच्यापायी भाकरी थापलीती. वाटलं दवाखान्यातनं सोडत्याल सांजंपतुर. ती तशीच राह्यली बुट्टीत. मी रडले न्हाय. एकलीनं कसं रडायचं? आता रडले. समद्यांच्या गळ्यात पडून रडले. जावा आता."

'आवं' म्हणून बाई कुणाला हाक मारते, हे येळ्ळुरात काय, कुठंच सांगावं लागत नाही. भावकू आप्पांनी डोईचा पटका काढून तोंडाला लावला. रवळू, ज्यानं धारवाडच्या स्टेशनवर सरदारांशी दोन शब्द बोलल्याचं सांगितलं होतं, तो वाळूत उकिडवा बसला आणि "काका, काका," म्हणून हुंदके द्यायला लागला. भरमू आईच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला.

त्या सगळ्यात कावळा कधी आला, की आलाच नाही, हे कुणी पाहिलं नाही. डोळे पुसून बघतात तो पिंड अर्धा झालेला. बाजूनं एक तांबडं कुत्रं जीभ चाटत चाललं होतं. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग एकमेकांकडं.

"कावळा शिवला," भावकू आप्पांनी जाहीर केलं, आणि भावकी घराकडं निघाली. सरदार कोण, हे त्या दिवसानंतर कुणी काढलं नाही. फ्लेक्स मात्र राहू दिला. त्यावर पोरांचे फोटो चांगले आले होते.

सुतक फिटल्यावर आत्यांनी देव्हाऱ्यावरचं कापड काढलं, जिऱ्यामोहरीची खमंग फोडणी घालून स्वतः आमटी केली, आणि दुपारी शेंगांचं सूप घेऊन खाटेवर बसल्या.

"आण की," त्या म्हणाल्या.

"काय आत्या?"

"तिसरं. साड्यांच्या बुडी ठेवलंयस न्हवं?"

नीलमनं पुस्तक आणलं. तिनं वाचायला सुरुवात केली. पडझड झालेलं देऊळ. पहाटेचा पाऊस. फरशीवरच्या राखेत पाणी झिरपतंय. राखेखालची फरशी कुठंतरी जराशी हलते. नीलम थांबली. तिला पुढचं वाक्य मराठीत आणवेना. आणलं असतं तर रडू फुटलं असतं.

"थांबलीस का?" आत्या शेंग फोडत म्हणाल्या. "उठतोय न्हवं आता?"

नीलमनं मान वर केली. "तुम्हाला कुणी सांगितलं? ह्यांनी?"

"त्यो कशाला सांगतोय? आगं, तीन पुस्तकं हायत. मालकच दुसऱ्यात मेला तर तिसऱ्यात काय त्या क्लॅरिंडाचं तोंड बघत बसायचं? मला त्या दिशीच ठाव हुतं, ह्यो उठणार म्हणून."

"मग आत्या," नीलमनं विचारलं, "सुतक?"

"त्येचं कशाला धरू?" आत्या म्हणाल्या. "त्यो कुठला मरतोय? मेलं ते माझं मानूस."

नीलमच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थेट पुस्तकावर पडलं. परड्याकडच्या खोलीत कोंडलेली असताना न आलेलं, दारं उघडल्यावरही न आलेलं, ओढ्यावर सगळे रडत असतानासुद्धा तिनं आत्यांना सांभाळायच्या नादात मागं ढकललेलं, ते सगळं आता आलं. तिनं तोंडाला पदर लावला, पण आवाज काही थांबेना.

आत्यांनी तिच्याकडं बघितलं. सुपातल्या चार सोललेल्या शेंगा तिच्या मांडीवर टाकल्या.

"रडायचं हुतं तर काल रडायचं, बाई," त्या म्हणाल्या. "समदी हुती. आता वाच."